धोंड्याच्या महिन्याआधी

आमच्या हिचे पाय पहिल्यांदा अडले ते अमरावतीत, साड्यांच्या दुकानाच्या दारात. महालक्ष्म्यांना साड्या घ्यायला गेलो होतो. दोन साड्या, पोत एक, काठ सारखे, रंग तेवढे वेगळे. यात हिला जराही इकडचं तिकडे चालत नसे. मी आत जाऊन गादीवर बसलोसुद्धा. वळून पाहतो तर ही दारातच उभी, आणि मागे बायांची ही गर्दी. "अवं बाई, सरका ना," कोणीतरी ओरडलं. मीही आतून ओरडलो, "ये ना! मुहूर्त पाहून राहिली काय?" ती माझ्याकडे नुसती पाहत होती. चेहऱ्यावर ना राग, ना हसू. मग एकाएकी पाय सुटला आणि झटझट पावलं टाकत ती गादीवर येऊन आदळली. "पाय जमिनीले चिकटले होते," म्हणाली. मी म्हटलं, "चपलेले डांबर लागलं असन." आणि आम्ही साड्या पाहायला लागलो.

चेहरा असा कोरा होणं हेही त्या रोगाचंच लक्षण, हे मला पुढे कळलं. तिचा आवाज खाली गेला होता, पोळी लाटताना एक हात मागे राहायला लागला होता, आणि मी आपला "मोठ्यानं बोल ना जरा" म्हणून खेकसत होतो. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं तेव्हा आम्ही दोघंही मानायला तयार नव्हतो, कारण हिला कंप असा नव्हताच. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना नसतो. मेंदूत एक रस असतो, तो आटत जातो. गोळ्यांनी तो वरून भरता येतो, आटणं मात्र थांबवता येत नाही. गोळी चढली की ही चालायची, उतरली की बसायची. पण समोर उंबरठा आला, अरुंद दार आलं, की चढलेल्या गोळीलाही काही सुचत नसे.

आता महालक्ष्म्यांचं सांगतो, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. भाद्रपदात तीन दिवस ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी घरी येतात. आमचे मुखवटे पितळेचे, तिवशाकडच्या आमच्या खेड्यातल्या घरून आलेले. आईनंतर थोरली सून म्हणून त्यांची पेटी हिच्याकडे आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवायची. ज्येष्ठेचा मुखवटा हातात घेऊन थोरली सून पुढे, कनिष्ठेचा घेऊन धाकटी मागे. पावलांच्या कडेकडेनं चालायचं, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही; ती देवीची. कोणी ताट वाजवतं, कोणी घंटी, आणि आतून एक म्हातारी विचारते, "कोण आलं?" "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यामोत्याच्या पावलांनी आली." मी देवाधर्माचा फारसा नाही. पण ते उत्तर देताना हिचा चेहरा जो होत असे, तो पाहायला मी दरवर्षी कपाटाला टेकून उभा राहायचो. खोटं कशाला बोलू!

आमच्या घराण्यात एक नेम आहे. ज्या घरच्या सुनेला ज्येष्ठा आपल्या पायांनी आत आणता येत नाही, त्या घरून महालक्ष्म्या उठतात आणि दुसऱ्या भावाकडे जातात. गेल्या की परत येत नाहीत. आम्हाला एकच मुलगी, ती लग्न होऊन बडोद्याला; मुलीकडे त्या जात नाहीत. म्हणजे जाणार त्या अकोल्याला, माझ्या धाकट्या भावाकडे. त्याचं बियाण्यांचं दुकान, मोठं घर, दोन सुना. तिथं त्यांचं काही कमी झालं नसतं, हे मलाही कळत होतं आणि हिलाही.

रोग कळल्यानंतरच्या पहिल्या सणाला मी हिच्या कोपराला धरून मागे मागे चाललो. कसंबसं निभावलं. तरी माझी म्हातारी आत्या सगळ्यांसमोर म्हणालीच, "औंदा धकलं. पुढच्या साली पाहा बाप्पा." मला असा संताप आला की मी आंबिलीची वाटी तशीच ठेवून उठलो.  सण उरकून मुखवटे पेटीत ठेवताना ही म्हणाली, "मले बाकी काही नोको. बाजार नोको, लग्नंकार्य नोको, कुठी जाणं नोको. तेवढं दारापासून देवघरापावतर चालता आलं पाहिजे. एवढंच पाहा तुमी."

एवढंच पाहायचं म्हणून मी पाहायला लागलो. भावाचाच फोन आला की अकोल्यात मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या डोक्याला बाहेरून चुंबक लावून इलाज करतात, कापाकापी नाही. मी सारा जन्म अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. तारेचं वेटोळं घ्या, त्यातला विजेचा प्रवाह झपाट्यानं बदला, म्हणजे चुंबकी क्षेत्र बदलतं आणि शेजारच्या तारेत हात न लावता वीज जागी होते. हे फळ्यावर किती पोरांना घोकवलं असेल! ती शेजारची तार म्हणजे कधी आपल्या बायकोचा मेंदू असेल, असं मात्र मनात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या वयाच्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "सर, हा रोग यानं बरा होत नाही. गोळ्या सुरूच राहतील. काही जणांची चाल सुधारते, काहींना काहीच फरक पडत नाही. आणि सुधारली तरी ती टिकते काही आठवडे. क्वचित कोणाची दोन-तीन महिने. मग पुन्हा घ्यावं लागतं." हिनं विचारलं, "शॉक हाये काय माय? येड्याले देते तसा?" त्या हसल्या. "नाही काकू. तुम्ही जाग्याच राहाल. टिचक्या मारल्यासारखं वाटेल." मग ही आपण होऊन त्यांना सगळं सांगत बसली, पेटी, ज्येष्ठा, दारापासून देवघर. इतकं तर ती माझ्याशीही महिन्याभरात बोलली नसेल. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग सणाच्या अगदी तोंडावर संपेल असं लावू. तेव्हाच तुम्हाला त्याची गरज आहे."

आणि इथे गाडी अडली. त्या वर्षी अधिक महिना होता. श्रावण दोनदा. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडे नवं काम सुरू करत नाहीत. घर नाही, लग्न नाही, सोनं नाही. ही म्हणाली, "धोंड्यात मी सुरू करत नाही. फळत नाही ते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं, तो संपल्यावर, खऱ्या श्रावणात करू." तर ही म्हणाली, "श्रावणात घर टाकून अकोल्याले कशी राहू? जिवती हाये, पोळा हाये, मंग लगेच महालक्ष्म्या. डाळी कोण निवडन? फुलोरा कोण करन? धोंडा लागाच्या आधी करून टाका." त्यांनी तिला दोनदा समजावलं की तेव्हा केलं तर सणापर्यंत असर उरेलच असं नाही. हिनं त्यातलं एवढंच धरलं, की कोणाकोणाचं दोन-तीन महिने टिकतं.

दवाखान्याबाहेर येऊन मी रस्त्यावरच भडकलो. "पंचांगवाल्यानं एक महिना वाढवला म्हणून तुह्या मेंदूले कळते काय? देवीसाठी करून राहिली ना, मंग देवी धोंडा पाहते काय?" ऑटोवाला टकामका पाहत होता. ही शांतपणे म्हणाली, "देवीसाठीच करून राहिली म्हणून पाहा लागते. खोट्या वक्ताले केलेल्या कामानं तिले घरात आणू काय?"  नवरा फिजिक्सचा असो की आणखी कशाचा, अशा वेळेला बायकोपुढे त्याचं चालत नाही. शेवटी पाय तिचे आणि देवीही तिचीच, असं म्हणून मी ऑटोत बसलो.

मग आषाढ लागता लागता आम्ही भावाकडे मुक्कामाला गेलो. रोज सकाळी दवाखाना. आत जायच्या आधी कानातले, केसातल्या पिना, गळ्यातलं सगळं काढून माझ्या हातात द्यायचं, कारण डोक्याजवळ धातू चालत नाही. ते रुमालात बांधून मी खिशात ठेवायचो. कानात बोळे घालायचे, कारण यंत्राचा आवाज मोठा. खुर्चीत रेलून बसलं की डॉक्टरीणबाई इंग्रजी आठच्या आकाराचं वेटोळं डोक्यावर धरायच्या आणि जागा शोधायच्या. जागा सापडली की हिच्या हाताचा अंगठा आपोआप उडायचा. पहिल्या दिवशी अंगठा उडाला तेव्हा ही घाबरून म्हणाली, "मी नाही हालवला! खरंच, मी नाही!" आणि मग हसली. कितीतरी महिन्यांनी ती हसलेली मला दिसली. डॉक्टरीणबाईही हसल्या, मीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले म्हणून मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो.

टकटकटक असा यंत्राचा आवाज यायचा, मधे थांबायचा, पुन्हा सुरू. नंतर एक मुलगी तिला चालायचा सराव द्यायची. फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. मोकळ्या फरशीवर अडणारी ही त्या पट्ट्यांवरून सरसर जायची. मी कारण विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यांना खूण दिसली की मेंदू दुसऱ्या रस्त्यानं पायाला निरोप पाठवतो. मी अमरावतीला फोन करून शेजाऱ्याला पट्टीचं बंडल आणून ठेवायला सांगितलं.

भावाच्या बायकोबद्दल माझ्या मनात एक किडा होता, तो इथे लिहून टाकतो. ती हिची इतकी सेवा करायची की मला वाटायचं, पेटीवर डोळा आहे. सकाळी हिच्या डोक्याला तेल लावून देणार, ऊन-ऊन भाकर वाढणार, बाई बाई करत मागे-पुढे. एक दिवस मी हिला तसं बोललोही. ही म्हणाली, "असन तं असू द्या. तिले काहून वाटू नये?" आणि तो विषय संपला.

आठवडे गेले तशी चाल सुधारली. एका सकाळी दवाखान्यातून निघाल्यावर ही म्हणाली, ऑटो नोको, पायी जाऊ. बाजारातून, हातगाड्यांमधून, सायकली चुकवत ती चालली. पावलं लांब पडत होती, डावा हातही हलत होता. फुलवाल्यापाशी थांबली, शेवंती घेतली आणि पैसे देऊन पुन्हा निघाली. थांबून पुन्हा निघणं हेच तर तिला जमत नव्हतं! घरी आल्यावर जावेनं हे ऐकलं आणि हिच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाई, पेटी तुमच्याच घरी राहीन आता. मी म्हटलंच होतं." माझ्या मनातला किडा तिथेच मेला. मला स्वतःची लाज वाटली आणि मी पेपर तोंडासमोर धरला.

धोंडा लागायच्या आत आम्ही अमरावतीला परत आलो. तो महिना फार चांगला गेला. ही गच्चीवर जायची, तुळशीला पाणी घालायची, शेजारणीकडे गप्पा हाणायला जायची. मुलगी फोनवर म्हणायची, आईचा आवाज मोठा झाला. मी सकाळी उठून आधी हिच्या पायांकडे पाहायचो. नवस-बिवस मी कधी बोललो नाही, पण त्या दिवसांत तोंडात शब्द येऊन थांबायचे.

खरा श्रावण लागला आणि एक दिवस ती न्हाणीघराच्या दारात थांबली. क्षणभरच. दोघांनीही पाहिलं. मग जिवतीच्या शुक्रवारी थांबली, मग पोळ्याला. मी अकोल्याला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांच्या वेळा थोड्या बदलून पाहू, पण पूर्ण इलाज आता सणाआधी बसत नाही. मी पट्ट्या काढल्या आणि दारापासून देवघरापर्यंत चिकटवल्या. त्यांच्यावरून ती चालली. पण सणाच्या आदल्या दिवशी तिनंच त्या उचकटायला लावल्या. म्हणाली, "देवीच्या वाटेवर हे काय चिकटवून ठेवलं? तिथं पावलं उमटवा लागते ना." मी म्हटलं, पावलांच्या बाजूला असू दे. ती म्हणाली, "लोकाईले दिसन. देवी आणून राहिलो की शाळेची कवायत करून राहिलो?" मी पट्ट्या उचकटल्या, आणि रागानं त्यांचा गोळा करून अंगणात भिरकावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलं. भाऊ, जाऊ, त्यांच्या सुना, मुलगी, गल्लीतल्या बाया. देवघरापर्यंत लालचुटुक पावलं उमटलेली. गोळी बरोबर वेळेवर दिली होती. हिनं नवी साडी नेसली, ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत घेतला आणि दारात आली. मागे कनिष्ठा घेऊन जाऊ. ताट वाजायला लागलं. आतून आत्यानं विचारलं, "कोण आलं?"

"महालक्ष्मी आली," ही म्हणाली. आवाज बरा होता.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्यामोत्याच्या पावलांनी आली."

आणि पाय उचलला गेला नाही.

टाचा वर होत होत्या, गुडघे थरथरत होते, पण तळवे जमिनीला धरून. ताट वाजतच होतं. आत्यानं पुन्हा विचारलं, हिनं पुन्हा उत्तर दिलं.  मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "अवो, समोर पावलंच पावलं हायेत. त्या अकोल्याच्या पट्ट्या समज. त्याच्यावर पाय दे अन् ये." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो. "देवीच्या पावलावर पाय देऊ?" एवढंच म्हणाली. मी कोपर धरायला गेलो तर मान हलवून नको म्हणाली. औंदा कोणी धरलेलं तिला नको होतं.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. ताट वाजवणारी पोरगी दमली, हळूहळू थांबली.  मागे जाऊ तशीच उभी, हातातली कनिष्ठा जड झालेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण एक पाऊल पुढे सरली नाही. थोरलीच्या पुढे ती कशी जाणार? गल्लीतली एक बाई म्हणाली, "बसवा ना कोणी तिले," तर जाऊ तिच्यावर ओरडली, "चूप राहा वो!"

शेवटी हीच बोलली. वळता येत नव्हतं, समोर पाहतच बोलली. "घे माय तू. तिले दारात किती वेळ उभी ठेवू?"

"नाही बाई. थांबतो आम्ही. येईन तुमचा पाय."

"घे म्हणतो ना!"

जावेनं कनिष्ठा आपल्या सुनेच्या हातात दिली आणि हिच्या हातातून ज्येष्ठा घेतली. दोघी बाजूनं आत गेल्या. कोणीतरी रडत रडत पुन्हा ताट वाजवायला लागलं. आत पोचल्या, मुखवटे बसले, आणि मी पाहत होतो, हिचे हात मोकळे झाले आणि पायही सुटले. काही झालंच नाही अशी ती उंबरठा ओलांडून, पावलांच्या कडेकडेनं, देवघरापर्यंत चालत गेली. एकदाही अडली नाही. मला ओरडावंसं वाटलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मी तिथेच दाराजवळ खाली बसलो आणि मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

तीन दिवस ती सगळ्यांशी नीट वागली. सोळा भाज्या चिरायला बसली, पुरण कसं झालं ते चाखून सांगितलं, जावेला ज्येष्ठेच्या निऱ्या कशा घालायच्या ते खुर्चीवर बसून दाखवलं. जाऊ म्हणत होती, "बाई, पेटी अठीच राहू द्या, मी दरसाली येऊन आणीन आत." हिनंच ऐकलं नाही. नेम तो नेम, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी निरोप झाला. भाऊ बाहेर गाडीत पेटी ठेवत होता. ही खिडकीपाशी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "डॉक्टरीणबाईशी बोललो मी. पितृपक्ष संपला की जागा हाये. पुन्हा इलाज घेऊ. या वक्ताले धोंडा नाही, काही नाही."

"आता कायले?"

"कायले म्हणजे?" माझा आवाज चढला. "चालाले!"

भावानं गाडीचं दार लावलं ते तिनं पाहिलं. मग म्हणाली, "चालता येते मले. रिकाम्या हातानं येते."